बंद गाडीतलं कुत्रं: काच फोडावी की ११२ लावावा?

एप्रिलच्या दुपारी लक्ष्मी रोडजवळ बंद गाडीत धापा टाकणारं कुत्रं पाहून माझी भाची गोंधळली. पोलिसांची वाट पाहू, की काच फोडू?

वेळेचा विचार केला तर काच फोडणं उघडच सरस. बाहेर ३५ अंश असताना आत दहा मिनिटांत जवळपास १० अंश वाढतात. काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही.

कायद्यात मात्र फोन सुरक्षित. कॅलिफोर्नियात २०१७ पासून, आधी पोलिसांना वगैरे कळवून, दुसरा मार्ग नसेल तर काच फोडणाऱ्याला संरक्षण आहे. आपल्याकडे असं नेमकं कलम नाही. मोटार वाहन कायद्याचं १३४अ अपघातातल्या माणसांच्या मदतनीसांसाठी आहे. काच फोडलीत तर भारतीय न्याय संहितेच्या ३२४ खाली नुकसानीची तक्रार होऊ शकते. मोठी हानी टाळण्यासाठी सद्हेतूनं केलेल्या कृतीला कलम १९ चा आधार आहे, पण तो बचाव तुम्हालाच मांडावा लागतो. उलट मालकाला १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यानं पहिल्या गुन्ह्याला जेमतेम १० ते ५० रुपये दंड! याचा मला मनापासून संताप येतो.

कुत्रं उभं आहे, भुंकतंय? मग ११२ लावा, गाडीचा नंबर सांगून दुकानांतून पुकारा करायला लावा. ते कोसळलंय, प्रतिसाद देत नाहीये? तरीही आधी फोन, व्हिडिओ, दोन साक्षीदार. मग प्राण्यापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात फोडा आणि पोलीस येईपर्यंत तिथंच थांबा.