घोडीच्या ठाणावरचा टायमरचा दिवा : पाच महिन्यांच्या वापरानंतर

खटाव तालुक्यात घोडी पाळणारे थोडेच, आणि त्यांतील बहुतेकांचा हिशेब लग्नसराईच्या वरातींवर बसतो. माझी ९ वर्षांची घोडी सलग दोन हंगाम नर दाखवूनही गाभण राहिली नव्हती, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने १ डिसेंबरपासून तिच्या ठाणावर टायमरचा एलईडी दिवा बसवला आणि एप्रिलअखेरपर्यंत तो रोज चालवला.

घोडीचा माज, म्हणजे नर घेण्याची तयारी असलेला काळ, दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. रात्र मोठी झाली की मेलाटोनिन हे अंधारात तयार होणारे संप्रेरक अधिक काळ स्रवते आणि अंडाशयाचे काम मंदावते; म्हणून सूर्यप्रकाश धरून एकूण १६ तास उजेड आणि उरलेले ८ तास पूर्ण अंधार द्यायचा असतो. मी मावळतीपूर्वी दिवा सुरू करून रात्री अकराला बंद होईल असे लावले होते. घोडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता आले, तर उजेड पुरेसा समजावा. परिणाम दिसायला ६० ते ९० दिवस लागतात, त्यामुळे फेब्रुवारीत जागे होऊन दिवा आणण्यात अर्थ नाही.

तक्रार आहे ती टायमरची. वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते, आणि आमच्याकडे वीज जाण्याला मुहूर्त लागत नाही. जानेवारीत एकदा पहाटे पाहतो तर दिवा चालूच होता, म्हणजे घोडीला हवा तो अंधारच मिळालेला नव्हता. पुढे आतल्या बॅटरीवर वेळ राखणारा टायमर आणला, तेव्हा हा त्रास संपला. नव्याने घेणाऱ्यांनी तोच घ्यावा.

फेब्रुवारीच्या मध्यास घोडी स्वच्छ माजावर आली. मागच्या वर्षी मार्च उलटेपर्यंत तिचा माज लांबलेला आणि अनियमित होता, त्यामुळे हा फरक मला मोठा वाटला. तरी सारे श्रेय दिव्याला देणे मला पटत नाही. युरोपच्या उत्तरेकडे हिवाळ्यातला दिवस ८ तासांच्या आत येतो, तर आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा असतो, म्हणजे उजेडाची उणीव इथे मुळातच कमी. शिवाय त्याच काळात मी तिला वरातीच्या कामातून पूर्ण सोडवले होते आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवली होती. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात, इतपत अंग भरल्यावरच डॉक्टरांनी पुढची तयारी केली. हंगामाची कमाई बुडाली, ती मात्र दिव्याच्या किमतीत कोणी धरत नाही.

पहिल्या माजात चूक माझीच झाली. माज ५ ते ७ दिवस टिकतो, परंतु अंडे त्याच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटते आणि सुटल्यावर जेमतेम अर्धा दिवस उपयोगी राहते. मी उत्साहाने पहिल्याच दोन दिवशी नर दाखवून मोकळा झालो, आणि साधारण तीन आठवड्यांनी घोडी पुन्हा माजावर आली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी एक दिवसाआड सोनोग्राफी केली, अंडाशयातला अंडे असलेला फोड ३५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावरच नर दाखवायला सांगितले आणि नंतर गर्भाशयात द्रव साचला नाही ना, हेही तपासले. वय झालेल्या घोड्यांत गर्भ न ठरण्याचे ते एक मोठे कारण असते.

अंडे सुटल्यापासून पंधराव्या दिवशीच्या तपासणीत एकच गर्भ दिसला. ही तपासणी चुकवू नये, कारण जुळे असल्यास सोळाव्या दिवसापर्यंत, गर्भ जागेवर स्थिरावण्याआधी, त्यांतील एक काढणे सोपे जाते. तसेच राहू दिले तर बहुधा दोन्ही गमवावे लागतात. पंचेचाळिसाव्या दिवशीही गर्भ सुखरूप आढळला, आणि त्यानंतर मी दिवा उतरवला. ११ महिन्यांचा हिशेब धरता फेब्रुवारीत शिंगरू अपेक्षित आहे.

मला विचाराल तर दिव्याने माज वेळेवर आणला, पण गाभ राहिला तो सोनोग्राफीने योग्य दिवस सापडल्यामुळे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते तपासणीवर खर्च करावेत. धाकटी घोडी अजून फळवायची आहे, तिच्यासाठी हाच दिवा येत्या डिसेंबरात पुन्हा चढवणार आहे, फक्त नव्या टायमरसह.