जंगलाचे नियम कोण लिहिणार: नमुना, समिती की सगळं गाव?

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे वनहक्क कायद्याखाली गावानं मिळून जंगल वापरण्या-राखण्याच्या हक्काचा दावा मंजूर झाला की गाव आधी फोटो काढतं आणि मग नियमांपाशी अडतं. चराई कुठं, बांबू कधी तोडायचा, तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानाचा पैसा कसा वाटायचा, दंड किती? गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडं यासाठी तीन वाटा दिसतात.

सगळ्यात सोपी वाट तयार नमुन्याची. शेजारच्या तालुक्यातलं नियमपत्र आणायचं, गावाचं नाव बदलायचं, एका संध्याकाळी वाचून मंजूर. माझ्या पाहण्यातल्या एका गावात अशा कागदावर ‘नदीकाठच्या पट्ट्यात चराई बंद’ असं कलम होतं. त्या गावाला नदीच नाही, एक बोडी, म्हणजे लहान तळं आहे. वर्षभर कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण कोणी वाचलंच नव्हतं. तरी बँक खातं, सह्या, हिशेबाची वही एवढ्यापुरता नमुना खुशाल उतरवा. तिथं डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट: ग्रामसभेनं नेमलेल्या समितीनं मसुदा करायचा, ग्रामसभेनं हात वर करून पास करायचा. वेळ वाचतो, जबाबदारी ठरते. इथं बरीच गावं गणपूर्तीत, म्हणजे किमान हजेरीत घसरतात. पंचायतीच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी ते चालतं, ती सवय अंगवळणी पडलेली असते. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनुसार निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. पण गणपूर्ती झाली तरी खरी अडचण राहतेच. मतात जो टोला, म्हणजे गावाची जी वस्ती हरते, तोच पुष्कळदा जंगलाला लागून राहतो. राखण त्याच्याच भरवशावर.

तिसरी वाट मेंढा (लेखा) या गावाची, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातली. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवणाऱ्या या गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळं ही पद्धत बाहेर पोचली. तिचं इंजिन म्हणजे अभ्यास गट. तो विषय समजून घेतो, निर्णय घेत नाही, निर्णय ग्रामसभेचा. समिती आणि अभ्यास गट यातला हा फरक आपल्याकडं सहज विसरला जातो.

ही पद्धत कशी चालते ते मी दुसऱ्या एका गावात सरपणाच्या नियमावर पाहिलं. मसुद्यात होतं, कुऱ्हाड न्यायची नाही, हातानं मोडेल तेवढंच आणायचं. मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “हातानं मोडते ते चुलीत घंटाभर नाही पुरत जी. पावसात काय जाळू?” सभा तिथंच थांबली. तीन बैठकांनी ठरलं: पडलेल्या वाळल्या लाकडाला कुऱ्हाड चालेल, उभ्या झाडाला नाही. त्यानंतर सरपणावरून भांडण ऐकलं नाही. बांबूवरून ऐकलं, तो नियम घाईत झाला होता.

चंद्रपूरकडच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं तर तेंदूची तोडणीच बंद केली, कारण पानासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगल पेटवलं जातं. हातचा पैसा सोडायचा असा निर्णय मतं मोजून टिकला असता, असं मला वाटत नाही.

पण सर्वसहमतीला वेळ फार लागतो, आणि गप्प बसणं म्हणजे होकार धरला की तिचं सोंग होतं. प्रत्येक टोल्याला नाव घेऊन विचारा. एकटा कोणी अडून बसला तर त्यालाच म्हणा, “मंग तू सांग काय करावं.” तरी जमलं नाही तर एका हंगामापुरता नियम लावून पाहा.

माझा कल सरळ आहे. घरं शंभराच्या आत असतील तर तिसरी वाट धरा. गाव मोठं, चार-पाच टोल्यांचं असेल तर आधी टोलासभांत सहमती करा, मग एकत्र ग्रामसभा. चराई, सरपण, दंड हे हातघाईवर येणारे विषय कधीच मतावर टाकू नका. समितीकडं राखणीच्या पाळ्या आणि हिशेब ठेवा.

बैठका धान चुरून, म्हणजे मळून झाल्यावर लावा. मार्चमध्ये मोहफूल सुरू झालं की पहाटे घरी कोणी सापडत नाही, मे महिन्यात तेंदू. आणि पुढचा तेंदू उरकल्यावर सगळे नियम पुन्हा वाचायचे, ही तारीख हिशेबाच्याच वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.