नियमित लेखनासाठी काय बरे: ठरलेला वार की लेखांची साठवण?

दर आठवड्याला एक लेख प्रसिद्ध करण्याचा संकल्प पहिले दोन-तीन महिने बहुतेकांचा सुरळीत चालतो. खरी ओढाताण सुरू होते ती सुरुवातीला टिपून ठेवलेले विषय संपल्यावर, आणि कौतुकाने वाचणारे मित्रही आपापल्या कामाला लागल्यावर. अशा वेळी अनुभवी मंडळी दोन उपाय सांगतात. एक, वार ठरवावा, लेख त्याच आठवड्यात लिहावा आणि त्या वारी तो बाहेर पाठवावा. दुसरा, सवड मिळेल तेव्हा सहा-आठ लेख लिहून ठेवावेत आणि त्यांतून दर आठवड्याला एकेक काढत राहावे. साताऱ्याच्या आसपासच्या झाडाझुडपांविषयी मी गेली सहा वर्षे लिहीत आहे. त्यांतली पहिली अडीच वर्षे वार पाळून गेली, पुढचे सव्वा वर्ष साठवणीवर काढले आणि आता पुन्हा वाराकडे आलो आहे. त्यामुळे या तुलनेत मी पूर्ण तटस्थ आहे असा दावा करणार नाही.

‘सुचेल तेव्हा लिहीन’ हा तिसरा मार्गही आहे, परंतु तो येथे विचारात घेतलेला नाही. आमच्याकडच्या डोंगरांवरची कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि तरीही लोक तिची वाट पाहतात. लेखकाची तशी वाट कोणी पाहील याची मला खात्री नाही.

वार ठरवण्याचा मोठा फायदा असा की ‘आज लिहावे की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. लोकहितवादींची १०८ पत्रे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात आली, म्हणजे आठवड्याला साधारण एक हे प्रमाण पडते, आणि ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक होते हा काही योगायोग नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि बहुतांश मजकूर स्वतः लिहून तिचे ८४ अंक काढले. त्यांतली कितीतरी वर्षे ते सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरीही करीत होते. या थोरांशी आपली बरोबरी करण्याचा हेतू नाही, परंतु अंकाची तारीख डोक्यावर असणे ही गोष्ट प्रतिभेइतकीच कामाची असावी असे मला वाटते.

या पद्धतीचा त्रासही मी पुरेसा भोगला आहे. माझा वार गुरुवार. बुधवारी रात्री पाहुणे आले, वीज गेली किंवा नुसता कंटाळा आला, तरी लेख द्यायचाच असतो, आणि घाईघाईने लिहिलेल्या काही लेखांकडे आज मला मान वर करून पाहवत नाही. पांगाऱ्यावरचा एक लेख तर इतका पातळ झाला होता की तो वाचून माझ्या वडील बंधूंनी ‘तब्येत बरी आहे ना?’ असे विचारले होते.

साठवणीकडे वळलो तो अशाच एका बुधवारानंतर. ती पद्धत वाईट आहे असे मुळीच म्हणता येणार नाही. लेख निवांत लिहून होतो, आठवडाभराने पुन्हा वाचला की चुका दिसतात, आणि घरात आजारपण आले तरी खंड पडत नाही. आई तीन आठवडे रुग्णालयात होती तेव्हा माझे लेख ठरल्याप्रमाणे बाहेर पडत राहिले आणि वाचकांना काही कळलेही नाही. त्या तीन आठवड्यांसाठी मी या पद्धतीचा ऋणी आहे.

मात्र एका गोष्टीने मला हळूहळू बेजार केले. एप्रिलच्या मध्यास बहावा ऐन भरात होता, तेव्हा मी त्यावर लेख लिहिला. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो अशी लोकसमजूत आहे. तिचा आधार घेऊन मी शेवटी ‘आता आकाशाकडे लक्ष ठेवावे’ असे मोठ्या ऐटीत लिहिले आणि लेख रांगेत लावला. पुढे आणखी दोन-तीन लेख मध्ये घुसवले गेले, आणि बहाव्याची पाळी आली ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर मुसळधार पाऊस चालू असताना. लेखातला हा घोटाळा मी हसण्यावारी नेला असता. परंतु त्याच संध्याकाळी कोरेगावकडील एका परिचित गृहस्थांचा फोन आला. त्यांनी लेख मन लावून वाचला होता आणि त्यातील एका वाक्याविषयी त्यांना बोलायचे होते, आणि ते वाक्य काय होते हे मला आठवेना. मी तोपर्यंत बहावा सोडून पावसाळी रानभाज्यांत शिरलो होतो. ते उत्साहाने बोलत होते आणि मी ‘हो, हो’ म्हणत कागद शोधत होतो.

त्यानंतर लक्षात येऊ लागले की हे एकदाच घडलेले नाही. लेख लिहिताना जी ऊब असते ती त्याच आठवड्यात वाचकांच्या प्रतिसादाला भेटली तर पुढचा लेख जवळजवळ आपोआप सुचतो: कोणी शंका विचारतो, कोणी आपल्या गावातले वेगळे नाव सांगतो आणि गुरुवार पुन्हा जवळ येतो. साठवणीत हा दुवा तुटतो. प्रतिसाद दोन महिन्यांनी येतो आणि तो आपल्यासाठी नसून दुसऱ्याच कोणासाठी आहे असे वाटत राहते. वर्षानुवर्षे लिहीत राहण्याचे बळ मला नेमके त्या दुव्यातून मिळत होते, हे तो तुटल्यावर समजले.

साठवण असली की हातही थंडावतो. सात लेख तयार आहेत म्हटल्यावर मी पाच आठवडे काहीच लिहिले नाही, आणि सहाव्या आठवड्यात बसलो तेव्हा पहिले वाक्य जुळवण्यात अख्खी सकाळ गेली. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारणपणे ६६ दिवस लागले होते, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादी खेप चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. वार पाळणाऱ्यास हा मोठा दिलासा आहे, कारण एक गुरुवार हुकला तर पुढचा असतोच. परंतु साठवणीच्या जोरावर सलग पाच आठवडे लेखणी बाजूला ठेवणे म्हणजे एक खेप चुकणे नव्हे. वाचकांच्या दृष्टीने मी नियमित होतो, माझ्यापुरता मी लिहिणे सोडले होते.

ज्यांची नोकरी फिरतीची आहे, ज्यांना पाळ्या सांभाळाव्या लागतात, किंवा जे इतिहास, व्याकरण अशा ऋतूंशी बांधलेले नसलेल्या विषयांवर लिहितात, त्यांना साठवण अधिक मानवेल, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. माझ्यासारख्या घरबशा माणसाने मात्र आधी वर्षभर वार पाळून पाहावा. मी आता तयार लेख ठेवत नाही, टिपणे ठेवतो: झाड कोठे पाहिले, फूल कधी उमलले, शेजारच्या शेतकऱ्याने त्याला काय नाव दिले. बुधवारी रात्री हाती निदान एवढे असले की लेख पातळ होत नाही, आणि तो लिहिला जातो त्याच आठवड्यात. गेल्या वर्षी तीन गुरुवार चुकले. तिन्ही वेळा मी तसे कळवले आणि कोणी रागावले नाही.

साठवण करायचीच असेल तर दोन लेखांपलीकडे करू नये आणि त्यांत हवामानाचा उल्लेख टाळावा. बहाव्यावर तर मुळीच लिहून ठेवू नये.