हेलोवीन कुठून ऐकायला घ्यावं: किस्के, डेरिस की दोघं एकत्र?

हेलोवीन हा जर्मन हेवी मेटल बँड ऐकायला घ्यायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक गट सांगतो, ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग ऐक, मिखाएल किस्केचा आवाज ऐक, पुढचं काही ऐकलं नाहीस तरी चालेल. दुसरा गट सांगतो, बुडायला आलेला हा बँड नंतर आलेल्या गायकाने, अँडी डेरिसने सावरला, त्याला डावलून तुला हेलोवीन कळणारच नाही. हॅम्बुर्गच्या या बँडवर माझा मनापासून जीव आहे आणि दोन्ही गटांचं प्रेम खरं आहे हे मी जाणतो. तरी नव्या माणसाने अल्बम निवडताना गायकाच्या नावाआधी त्यातली गाणी कुणी लिहिली आहेत ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. या बँडमध्ये जवळपास प्रत्येक जण गाणी लिहितो. चाहते कधी डोक्यावर घेतात आणि कधी पाठ फिरवतात, याचा उलगडाही त्या नावांवरूनच जास्त नीट होतो.

१९८४ साली बँड सुरू झाला तेव्हा गिटारवादक काय हान्सेन (Kai Hansen) हाच गात असे. १९८५ चा ‘वॉल्स ऑफ जेरिको’ त्याच्या आवाजात आहे: कच्चा, ओरडा, भन्नाट वेगाचा. थ्रॅश, म्हणजे मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार, आवडणारे आजही हाच अल्बम सर्वांत अस्सल मानतात. तुमचं मेटलशी नातं मेटॅलिका किंवा स्लेयरच्या सुरुवातीच्या अल्बममधून जुळलं असेल, तर ‘राइड द स्काय’ ऐका आणि थेट इथूनच सुरू करा. बाकीच्यांनी हा अल्बम नंतरसाठी ठेवावा, कारण हान्सेनचा गळा पहिल्या भेटीत सगळ्यांना रुचत नाही.

मग किस्के आला. वय १८. त्याचा आवाज स्वच्छ आणि पल्लेदार. वरच्या पट्टीत जाताना खरखर नाही, ताण नाही, आणि वर पोचल्यावर तो तिथे निवांत थांबतो. १९८७ आणि १९८८ मध्ये ‘कीपर’चे दोन भाग आले आणि पुढच्या कित्येक पॉवर मेटल (मेटलचा सुरेल, वेगवान प्रकार) बँडांनी गाण्याचा हाच नमुना गिरवला. जुळ्या गिटारींच्या धावत्या सुरावटी, डबल बेस ड्रमचा सतत झरणारा ठेका आणि सगळ्यांनी मिळून गावा असा उजळ कोरस, ही चौकट इथे पक्की झाली.

दोन भागांत निवड करायची असेल तर माझं मत दुसऱ्याला. पहिल्यावर हान्सेनची छाप आहे. ‘फ्यूचर वर्ल्ड’ त्याचं आणि तेरा मिनिटांचं ‘हॅलोवीन’ही त्याचंच. अल्बम घट्ट आहे, पण आटोपशीर. दुसऱ्या भागात दुसरा गिटारवादक मिखाएल वाइकाथ याची लेखणी पूर्ण बहरात आहे. ‘ईगल फ्लाय फ्री’मध्ये गिटारीबरोबर बेस आणि ड्रम यांनाही स्वतंत्र सोलो मिळतो. मार्कुस ग्रॉसकॉफ आणि इंगो श्विख्टेनबर्ग किती तयारीचे वादक होते ते त्या काही सेकंदांत समजतं. ‘डॉक्टर स्टाइन’ आणि शीर्षकगीतही वाइकाथचं, तर ‘आय वाँट आउट’ आणि ‘मार्च ऑफ टाइम’ हान्सेनचं. दोन जबरदस्त लेखक एकमेकांशी चढाओढ करतायत आणि ते सगळं पेलणारा गळा मध्ये उभा आहे. असा योग पुन्हा जुळायला तीन दशकं लागली.

कारण हान्सेन लवकरच बाहेर पडला आणि त्याने गामा रे हा नवा बँड काढला. पुढच्या दोन अल्बमच्या वाट्याला चाहत्यांचा सगळ्यात कडवट राग आला. ‘पिंक बबल्स गो एप’ (१९९१) रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या कोर्टकज्ज्यात रखडला आणि आल्यावर फिकट वाटला. ‘कॅमेलियन’ने (१९९३) तर लोकांना बुचकळ्यात टाकलं: ब्रास, अकूस्टिक गिटार, पॉपकडे झुकलेल्या चाली. यातल्या बारा गाण्यांपैकी किस्के, वाइकाथ आणि हान्सेनच्या जागी आलेला गिटारवादक रोलँड ग्रापो यांची प्रत्येकी चार आहेत आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. किस्के मात्र इथेही तितकाच सुरेख गायलाय. ‘किस्के असला की हेलोवीन’ असं म्हणणाऱ्यांनी हा अल्बम एकदा शांतपणे ऐकावा. तोच गळा, तीच तयारी, तरीही चाहते दूर गेले.

१९९३ मध्ये किस्केला बँडबाहेर काढलं. इंगोलाही मानसिक आजारामुळे ड्रम सोडावे लागले आणि मार्च १९९५ मध्ये तो जग सोडून गेला. त्याचं नाव आलं की जुन्या चाहत्यांच्या बोलण्याचा सूर आजही बदलतो.

पिंक क्रीम ६९ या बँडमधून आलेल्या डेरिसला अशा वेळी उभं राहायचं होतं. बालगंधर्वांनी गाजवलेलं पद दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकताना जुन्या श्रोत्याची जी तगमग होत असेल, ती इथेही झाली. डेरिसचा आवाज हार्ड रॉकचा: मधल्या पट्टीत भरदार, वर जाताना खरखरीत. किस्केची जुनी गाणी मंचावर गाताना तो ताणला जायचा आणि चाहत्यांनी ते कायम बोलून दाखवलं. ती तक्रार रास्त आहे. पण डेरिस लिहिणारा गायक होता. ‘मास्टर ऑफ द रिंग्ज’ (१९९४) मध्ये त्याने वाइकाथबरोबर ‘व्हेअर द रेन ग्रोज’ आणि ‘परफेक्ट जंटलमन’ लिहिली आणि बँडला पुन्हा चेहरा मिळाला. मला १९९६ चा ‘द टाइम ऑफ द ओथ’ त्याहून मोठा वाटतो. तो इंगोला अर्पण केलेला आहे. वाइकाथचं ‘पॉवर’ आणि डेरिसचं ‘फॉरएव्हर अँड वन’, एक हजारोंच्या गर्दीने एकसुरात गायचं आणि एक अगदी एकट्याने ऐकायचं, एकाच अल्बममध्ये आहेत.

किस्केच्या पहिल्या कारकिर्दीत चार अल्बम झाले. डेरिसने २०१५ पर्यंत नव्या गाण्यांचे दहा केले. हे दहाच्या दहा ऐकायची नवख्याला गरज नाही. ‘बेटर दॅन रॉ’ (१९९८) धारदार आहे आणि त्यात एक चक्क लॅटिन भाषेतलं गाणं आहे. ‘गॅम्बलिंग विथ द डेव्हिल’ (२००७) हा २००० नंतरचा सर्वांत सरस, चुकवू नये असा. ‘रॅबिट डोन्ट कम ईझी’ आणि ‘माय गॉड-गिव्हन राइट’ सावकाश ऐकले तरी हरकत नाही.

‘द डार्क राइड’बद्दल (२०००) थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण चाहत्यांचे दोन तट इथे सर्वांत स्पष्ट दिसतात. गिटारी खालच्या सुरात लावलेल्या, आवाज जड, वातावरण काळोखी. शीर्षकगीत ग्रापोचं, ‘मिस्टर टॉर्चर’ ड्रमर उली कुशचं. वाइकाथची ‘ऑल ओव्हर द नेशन्स’ आणि ‘साल्व्हेशन’ मात्र जुन्या उजळ वळणाची. बँडमध्ये चाललेली रस्सीखेच गाण्यांतून ऐकू येते आणि पुढच्याच वर्षी ग्रापो आणि कुश दोघेही बाहेर पडले. ‘हा हेलोवीनच नव्हे’ म्हणणारे चाहते आहेत आणि हाच उराशी धरणारेही आहेत. डेरिसचा आवाज मला इथे सर्वांत शोभतो, कारण अशा काळोख्या गाण्यांना त्याची खरखर हवीच होती. ‘इफ आय कुड फ्लाय’ त्याचंच आहे. किस्केने ते गायलं असतं तर जास्त सुंदर झालं असतं, पण इतकं दुखरं झालं नसतं.

२००५ मध्ये बँडने ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज: द लेगसी’ हा दुहेरी अल्बम काढला. किस्के आणि हान्सेन नसताना ‘कीपर’ हे नाव वापरल्याचा अनेकांना मनापासून राग आला आणि मला तो पटतो. त्यातल्या ‘द किंग फॉर अ थाउजंड इयर्स’ला वेगळं नाव मिळालं असतं, तर ते आज कितीतरी अधिक ऐकलं गेलं असतं.

मग २०१७ उजाडलं. ‘पम्पकिन्स युनायटेड’ दौऱ्यासाठी किस्के आणि हान्सेन परत आले आणि डेरिस होता तिथेच राहिला. सात माणसं, त्यातले तिघे गायक. वर्षानुवर्षं चाललेला वाद मंचावरच निवळला. २०२१ चा ‘हेलोवीन’ जर्मनीच्या अल्बम तक्त्यात पहिल्या क्रमांकावर गेला. ड्रमर डानी ल्योब्लेने त्यात इंगोचा जुना ड्रम सेट वाजवला. हान्सेनचं बारा मिनिटांचं ‘स्कायफॉल’ तिन्ही आवाजांत वाटलेलं आहे. किस्के वरचा सूर धरतो, डेरिस ओळीला धार देतो, हान्सेन मध्येच जुना ओरडा घेऊन येतो. २०२५ चा ‘जायंट्स अँड मॉन्स्टर्स’ त्याच वाटेने जातो. मला २०२१ चा जास्त भावतो, कारण त्यात खूप दिवस साठलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटतं.

आता निवड. स्वच्छ, उंच गळा आणि परीकथेसारखा उजेड हवा असेल तर ‘कीपर’चा दुसरा भाग घ्या, मग पहिला. हार्ड रॉक ऐकत आला असाल आणि आवाजात खरखर आवडत असेल तर ‘द टाइम ऑफ द ओथ’, मागोमाग ‘गॅम्बलिंग विथ द डेव्हिल’. जड, काळोखी संगीत आवडत असेल तर ‘द डार्क राइड’. ‘कॅमेलियन’ शेवटी ऐका, पण ऐका. वाइकाथचं ‘विंडमिल’ आवडेल.

एकच अल्बम घ्यायचा असेल आणि मन दोन्ही गायकांत अडकलं असेल, तर २०१९ चा ‘युनायटेड अलाइव्ह इन माद्रिद’ हा लाइव्ह अल्बम घ्या. त्यात जुनी ‘कीपर’ची गाणी किस्केच्या गळ्यात परतली आहेत, ‘वॉल्स ऑफ जेरिको’चा तुकडा हान्सेन स्वतः गातो, आणि ‘फॉरएव्हर अँड वन’ किस्के आणि डेरिस दोघे मिळून गातात. आधी १९९६ ची मूळ रेकॉर्डिंग ऐका, लगेच ही ऐका, आणि ज्याच्या ओळींवर मन थांबेल त्याच्या अल्बमपासून पुढे जा.