हेवीवेटचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण: जो लुई की मुहम्मद अली?

हेवीवेट मुष्टियुद्धातील सार्वकालिक श्रेष्ठ कोण, या वादात नावे पुष्कळ घेतली जात असली, तरी बहुतेकांची यादी शेवटी जो लुई आणि मुहम्मद अली या दोघांपाशी येऊन थांबते. यांपैकी एकावर बोट ठेवायचे असेल, तर आधी नेमके काय मोजायचे हे ठरवावे लागते. दोघांना एकाच रिंगमध्ये उभे केले तर कोण जिंकेल, असे एक जण विचारत असतो. आपापल्या काळात कोणी अधिक अवघड काम करून दाखवले, असे दुसरा विचारत असतो. आणि दोघेही आपण एकाच प्रश्नावर भांडत आहोत, असे समजून चालतात.

पहिला प्रश्न रंजक असला, तरी निर्णयाच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नाही. लुईच्या काळी 175 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 79 किलोंच्या वरचा प्रत्येक जण हेवीवेट असे. आज 200 पौंडांपर्यंतच्या खेळाडूंसाठी क्रूझरवेट हा स्वतंत्र गट आहे. 49 लढतींत एकदाही न हरलेला रॉकी मार्सियानो ऐन भरात जेमतेम 84-85 किलोंचा होता, तर मे 2024 मध्ये रियाधला ओलेक्सांडर उसिकसमोर उभा राहिलेला टायसन फ्युरी 118 किलोंच्या आसपास होता. जगज्जेतेपदाच्या लढती पूर्वी पंधरा फेऱ्यांच्या असत, 1980 च्या दशकात त्या बारा फेऱ्यांच्या झाल्या. निव्वळ आमनेसामनेचाच हिशेब करायचा, तर साडेसहा फुटांच्या जवळपास उंची असलेला आणि आपल्या दोन्ही पराभवांची परतफेड केलेला 1990 च्या दशकातला ब्रिटिश जगज्जेता लेनॉक्स लुईस जुन्या पिढीतील जवळजवळ सर्वांना जड गेला असता, असे माझे मत आहे. पण त्यात त्याच्या कर्तृत्वाइतकाच वाटा त्याच्या देहयष्टीचा आहे. संगणकाकडून निकाल लावण्याचा प्रयत्नही होऊन गेला. मार्सियानो आणि अली यांना प्रत्यक्ष समोरासमोर उभे करून चित्रित केलेली लुटुपुटूची लढत 1970 मध्ये दाखवली गेली. अमेरिकेतील प्रेक्षकांनी त्यात मार्सियानोचा विजय पाहिला आणि युरोपातील प्रेक्षकांनी अलीचा. शास्त्रीय पद्धतीचा एवढा लवचिकपणा क्वचितच पाहायला मिळतो.

म्हणून दुसराच प्रश्न धरून चालणे बरे. त्या निकषावर लुईची बाजू भक्कम आहे. जून 1937 मध्ये जिंकलेले जगज्जेतेपद त्याने मार्च 1949 मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडले नाही आणि या काळात ते पंचवीस वेळा राखले. हेवीवेटमध्ये हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. 1941 या एकाच वर्षात त्याने सात वेळा विजेतेपद पणाला लावले. वर्षाकाठी एक-दोन लढती करणाऱ्या आजच्या विजेत्यांच्या पार्श्वभूमीवर हा आकडा अविश्वसनीय वाटतो. तंत्राच्या बाबतीत तर तो अलीपेक्षा सरस होता, असे मी निःसंकोच म्हणेन. त्याचे ठोसे आखूड असत, त्यांना फार जागा लागत नसे, आणि जॅबमागून (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशामागून) उजव्या हाताचा सरळ ठोसा व त्यामागून डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, इतक्या सलगपणे येत, की पहिल्या ठोशाने डळमळलेल्या प्रतिस्पर्ध्याला सावरायला उसंतच मिळत नसे. त्याच्यात एक उणीव होती: जॅब मारून झाल्यावर डावा हात थोडा खाली राहत असे. जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने ती हेरली, त्या फटीतून उजव्या हाताचे ठोसे घातले आणि 1936 मध्ये बाराव्या फेरीत त्याला आडवे केले. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये लुईने त्याच श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवले.

लुईच्या बाजूचा कच्चा दुवा म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धी. त्यांतील कित्येकांना त्या काळच्या पत्रकारांनीच ‘या महिन्याचे गिऱ्हाईक’ अशा अर्थाचे उपहासाचे नाव दिले होते. त्याला खरी झुंज देणाऱ्यांत बिली कॉन होता, जो खालच्या वजनगटातून आलेला आणि लुईपेक्षा अकरा-बारा किलोंनी हलका होता. तरीही जून 1941 मध्ये बारा फेऱ्यांनंतर तो गुणांवर पुढे होता. तेराव्या फेरीत नॉकआउट करण्याचा मोह त्याला नडला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना तोच बाद झाला.

अलीचे तंत्र पाठ्यपुस्तकाच्या कसोटीवर सदोषच ठरते. तो हात कंबरेशी ठेवत असे, ठोसा चुकवताना खाली वाकण्याऐवजी डोके सरळ मागे नेत असे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पोटावर तो क्वचितच मारत असे. नव्याने शिकणाऱ्याने असे केले, तर कोणताही प्रशिक्षक त्याला रागे भरेल. वेगामुळे अलीला हे सारे खपून गेले. जिथे वेग कमी पडला, तिथे मात्र डाव्या हुकने त्याला गाठले: 1963 मध्ये लंडनला हेन्री कूपरच्या आणि 1971 मध्ये न्यूयॉर्कला, पंधराव्या फेरीत, जो फ्रेझियरच्या. शिवाय 1976 मधील जिमी यंगविरुद्धचा आणि केन नॉर्टनविरुद्धचा तिसरा, असे दोन निकाल त्याच्या बाजूने लागले, यावर आजही अनेक जाणकार नाराज आहेत, आणि ती नाराजी मला रास्त वाटते.

असे असूनही माझे मत अलीलाच आहे आणि त्याचे कारण त्याने ज्यांना हरवले त्या नावांत आहे. सनी लिस्टन, फ्रेझियर, नॉर्टन, जॉर्ज फोरमन: यांच्यापैकी एखाद्याला हरवले असते, तरी त्यावर कोणाची कारकीर्द उभी राहिली असती. ऑक्टोबर 1974 मध्ये तेव्हाच्या झैरेची राजधानी असलेल्या किन्शासाला अलीसमोर आलेला फोरमन 25 वर्षांचा होता, त्याच्या चाळीसच्या चाळीस लढती त्याने जिंकल्या होत्या आणि त्यांतील 37 नॉकआउटने. ज्या फ्रेझियर आणि नॉर्टनने अलीला हरवले होते, त्या दोघांना फोरमनने प्रत्येकी दोन फेऱ्यांत गुंडाळले होते. 32 वर्षांच्या अलीकडे तेव्हा पूर्वीची चपळाई उरलेली नव्हती; त्याने दोरांना टेकून फोरमनला हात थकेपर्यंत मारू दिले आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडले. लुईने सदतीस वर्षांच्या वयात नव्या पद्धतीने जिंकून दाखवल्याचे उदाहरण सापडत नाही. 1951 मध्ये मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले.

गमावलेल्या वर्षांचा हिशेबही मांडायला हवा. लष्करात गेल्यामुळे लुईला मार्च 1942 नंतर जून 1946 पर्यंत विजेतेपदाची लढत करता आली नाही, पण विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. अलीने लष्करात जाण्यास नकार दिल्यामुळे 1967 मध्ये त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले, आणि पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंत तो लढूच शकला नाही. मार्सियानोच्या समर्थकांना शून्य पराभव हा बिनतोड मुद्दा वाटतो. पण त्याने हरवलेला लुई 37 वर्षांचा होता आणि ज्याच्याकडून त्याने विजेतेपद घेतले, तो जर्सी जो वॉलकॉट 38 वर्षांचा.

सातत्य आणि ठोशांची शिस्त यांना ज्याच्या लेखी सर्वाधिक मोल आहे, त्याने लुईला निवडावे. कठीण प्रतिस्पर्ध्यांना ज्याच्या लेखी मोल आहे, त्याने अलीला. निर्णय होत नसेल, तर दोन चित्रफिती पाहाव्यात. लुईची श्मेलिंगविरुद्धची 1938 ची लढत पाहताना त्याच्या पायांकडे लक्ष ठेवावे, कारण तो किती थोडे चालून समोरच्याला कोपऱ्यात आणतो, हे तिथेच समजते. अलीसाठी किन्शासाऐवजी नोव्हेंबर 1966 मधील ह्यूस्टनची क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत निवडावी. ती तीनच फेऱ्यांची आहे, आणि विल्यम्स तोवर उतरणीला लागला होता हे खरे असले, तरी बंदी येण्यापूर्वीचा अली किती वेगवान होता, हे त्याच लढतीत सर्वांत स्वच्छ दिसते.