जुन्या बायबलची बाइंडिंग, वसई स्टेशनजवळ

आजीचं बायबल पार सुटं झालं होतं, इथल्या काकांनी दोऱ्याने शिवून नवीन रेक्झिनचं कव्हर घातलं आणि मेन म्हणजे पुढचं पान, जिथे पणजोबांपासून सगळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिल्यात, ते न कापता मागून पातळ कागद लावून वाचवलं. हे बघून खरंच भरून आलं. बायबलमधल्या अब्राहामला देवाकडून मुलाचं वचन मिळालं आणि पुढे त्याचा मुलगा इसहाक झाला तेव्हा अब्राहाम 100 वर्षांचा होता, बायबलमधल्याच स्तोत्र 105 मध्ये तर देव हजार पिढ्यांसाठी दिलेला शब्द आठवतो असं म्हटलंय, आमच्या घरात तोच विश्वास ह्या पानावरून खाली आलाय. आता मुलीचं नाव लिहायला जागा आहे. रेट थोडा जास्त, पण काम एक नंबर. दुपारी बंद असतं, संध्याकाळी जा.