चिलटांपासून घोड्याचे रक्षण करणारी झूल: एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

पावसाळा लागला की ज्यांचे घोडे आयाळ आणि शेपटीचा बुडखा खांबावर घासून रक्तबंबाळ करून घेतात, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. आमची थरोब्रेड घोडी शर्यतींतून निवृत्त झाल्यापासून मावळात, भातखाचरांना लागून असलेल्या पागेत राहते. तिला खरूज नाही आणि बुरशीही नाही, हे तपासणीत स्पष्ट झाल्यावर पशुवैद्यांनी क्युलिकॉइडिस नावाच्या चिलटांच्या लाळेची ॲलर्जी असल्याचे निदान केले. जेमतेम एक ते तीन मिलिमीटर लांबीची ही चिलटे चिखलात आणि कुजक्या पाल्यात वाढतात व मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात.

पशुवैद्यांच्याच सल्ल्याने आम्ही परदेशी बनावटीची, मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाकणारी आणि पोटाखालून बंद होणारी झूल घेतली. माश्यांसाठी मिळणाऱ्या साध्या झुलीच्या भोकांतून चिलटे सहज आत शिरतात. हिची वीण मात्र इतकी घट्ट आहे की खाचराकडच्या बाजूला बांधलेल्या घोडीच्या पाठीवरही गांधी उठल्या नाहीत. पोटपट्टी हा या झुलीचा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल, कारण काही जातींची चिलटे नेमकी पोटाच्या मधोमध चावतात आणि स्वस्त झुलींमध्ये तीच जागा उघडी राहते. दसऱ्यापर्यंत घोडीची आयाळ बोटभर वाढली होती आणि खरारा करताना ती अंग चोरत नव्हती. कान आणि तोंड मात्र उघडेच राहते. त्यासाठी वेगळा मुखवटा घ्यावा लागतो.

दोष सांगायचे तर वेल्क्रोत केस आणि चिखल अडकून त्याची पकड लवकर गेली, आणि खांद्यावरची शिवण कातडीला घासू लागल्याने मोतद्दाराने तिथे आतून मऊ अस्तर लावून घेतले. मावळच्या पावसात धुतलेली झूल लवकर वाळत नाही, म्हणून दोन झुलींचा खर्च धरूनच हिशेब करावा. झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुलीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. अशा पट्ट्यांमुळे माश्या अंगावर कमी बसतात असे दाखवणारा ब्रिटनमधला 2019 चा गाजलेला प्रयोग घोडमाश्यांवरचा होता, चिलटांवरचा नव्हे.

झूल हे औषध नव्हे. खाज भडकल्यानंतर ती चढवली तर घोडा खांबाला अंग घासून आधी झूल फाडतो. म्हणून वळिवाच्या पहिल्या सरीलाच ती अंगावर हवी. स्टेरॉइडने खाज झटपट उतरते, पण खुरांना दाह होण्याचा धोका असतो, तेव्हा ते पशुवैद्यांवरच सोपवावे. पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचे औषध जखमेवर लावू नये, आणि पागेत मांजर असेल तर विशेष जपावे, कारण मांजराला ते विषारी ठरते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी सूर्यास्तापूर्वी घोडा आत बांधून त्याच्यावर मोठा पंखा सोडावा. चिलटांना वाऱ्यात नीट उडता येत नाही, आणि पैशाच्या मानाने मला पंख्याचा उपयोग झुलीहून अधिक वाटला. झूल घेणारच असाल तर छातीच्या मध्यापासून शेपटीपर्यंतचे माप स्वतः घ्या, विक्रेत्याच्या अंदाजावर जाऊ नका.